ऑडी क्यू ५ साठी नवे टायर: मराठवाड्यातील ऊन, समृद्धीचे काँक्रीट आणि शेताचा रस्ता लक्षात घेता कोणते घ्यावेत?

मांजराकाठ, लातूर

नमस्कार मंडळी.

माझ्याकडे २०२१ च्या अखेरीस घेतलेली ऑडी क्यू ५ आहे. पेट्रोल इंजिन, चारही चाकांना ताकद देणारी क्वाट्रो रचना आणि २३५/५५ आर १९ १०१ व्ही या मापाचे मूळ टायर, अशी तिची स्थिती आहे. गाडी सुमारे ४५ हजार किलोमीटर चालली आहे. मागच्या दोन टायरांची नक्षी तीन मिलिमीटरच्या आसपास उरली आहे आणि पुढचे दोन त्याहून थोडे बरे आहेत. परंतु औसा रस्त्यावरील एका खड्ड्यानंतर पुढच्या डाव्या टायरच्या साइडवॉलला (टायरच्या बाजूच्या भिंतीला) फुगा आला आहे, त्यामुळे हा निर्णय आता लांबणीवर टाकता येणार नाही.

गाडीचा वापर असा आहे. आठवडाभर शहरातल्या शहरात, अधूनमधून अंबाजोगाई, केज, मांजरसुंबा, बीड या मार्गाने छत्रपती संभाजीनगर, आणि मुलगी नागपुरात शिकत असल्यामुळे पुढे समृद्धी महामार्गाने नागपूर. नागपूरच्या प्रवासात बहुतेक वेळा आम्ही पाचही जण असतो आणि डिकी सामानाने पूर्ण भरलेली असते. निलंगा तालुक्यात आमची शेती आहे. डांबरी रस्ता सोडल्यावर तिथे पोहोचण्यासाठी काही अंतर मुरमाच्या आणि त्यापुढे काळ्या मातीच्या पाणंद रस्त्याने जावे लागते.

चौकशी केली तेव्हा तीन ठिकाणी तीन वेगळे सल्ले मिळाले. एका दुकानदाराने २५५/५५ आर १९ हे रुंद माप सुचवले. त्यामुळे गाडी उंच होईल, खड्डे कमी जाणवतील आणि ती दिसायलाही भरदार वाटेल, असे त्याचे म्हणणे होते. दुसऱ्याने शेतरस्त्याचा विचार करून ऑल टेरेन (कच्च्या रस्त्यांसाठीच्या खोल नक्षीचे) टायर घ्या असे सांगितले. सर्व्हिस सेंटरने साइडवॉलवर एओ (ऑडीने मान्य केल्याची) अशी खूण असलेलेच टायर घ्यावेत असा आग्रह धरला, पण ते मागवून घ्यावे लागतील आणि केव्हा येतील ते सांगता येत नाही, असेही सांगितले. फक्त पुढचे दोन बदलून मागचे आणखी काही महिने चालवावेत, असाही एक विचार घरात आहे.

पैशांची काळजी नाही असे म्हणणार नाही, पण माझी मुख्य चिंता उन्हाळ्यातील लांबच्या प्रवासाची आहे. भरलेली गाडी, मे महिन्याची दुपार आणि ताशी १२० किलोमीटरची परवानगी असलेला काँक्रीटचा रस्ता, या तिन्हींचा एकत्र विचार केला की मन अस्वस्थ होते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.


बालाघाट, बीड

नमस्कार साहेब. आपण वापराची माहिती नीट दिल्यामुळे उत्तर देणे सोपे झाले आहे, तरी ते थोडे लांबेल.

सर्वप्रथम, फुगा आलेला टायर आजच काढून ठेवावा ही विनंती. साइडवॉलला फुगा येतो याचा अर्थ आतील दोरांची वीण त्या ठिकाणी तुटलेली असते आणि हवेचा सगळा दाब केवळ रबराच्या थरावर आलेला असतो. त्याला पॅच नाही, व्हल्कनायझिंग नाही, कोणतीही दुरुस्ती नाही. तो टायर घेऊन समृद्धीवर तर सोडाच, पण मांजरसुंब्याच्या घाटातूनही जाऊ नये.

आता मापाविषयी. २३५/५५ आर १९ याचा अर्थ टायरची रुंदी २३५ मिलिमीटर, साइडवॉलची उंची त्याच्या ५५ टक्के म्हणजे सुमारे १२९ मिलिमीटर आणि रिमचा व्यास १९ इंच. यावरून टायरचा एकूण व्यास ७४१ मिलिमीटर येतो. आपल्याला सुचवलेल्या २५५/५५ आर १९ चा व्यास ७६३ मिलिमीटर होतो, म्हणजे मूळच्या मापापेक्षा जवळपास तीन टक्के अधिक. स्पीडोमीटरचा हिशेब त्यामुळे बिघडतो आणि काटा १०० दाखवत असताना गाडी आधीपेक्षा तीन किलोमीटर अधिक वेगाने धावत असते. किलोमीटरची नोंद कमी होते, ब्रेक लावताना चाके अडकू न देणारी एबीएस आणि गाडी घसरू न देणारी स्टॅबिलिटीची यंत्रणा ज्या मापावर बेतलेली आहे ते माप बदलते, आणि पूर्ण वळण घेताना किंवा भरलेल्या गाडीने गतिरोधक ओलांडताना टायर आतल्या बाजूला घासण्याची शक्यता निर्माण होते. गाडी प्रत्यक्षात उंच होते ती व्यासातील वाढीच्या निम्म्याने, म्हणजे केवळ ११ मिलिमीटरने. एवढ्यासाठी हा सगळा उपद्व्याप करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय कंपनीने मान्य न केलेले माप बसवल्यास पुढे वॉरंटी किंवा विम्याच्या वेळी अडचण येऊ शकते.

त्यानंतरचा १०१ हा आकडा दुकानात सहसा कुणी विचारत नाही, परंतु आपल्या वापरासाठी तो ब्रँडच्या नावापेक्षा महत्त्वाचा आहे. १०१ म्हणजे योग्य दाबावर एका टायरला पेलता येणारे कमाल वजन ८२५ किलो. १०५ म्हणजे ९२५ किलो, आणि या मापात असे टायर एक्सएल (जादा भाराचे) या खुणेने मिळतात. १०१ च्या खालचा आकडा असलेला टायर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. एक्सएल घेतला तर मात्र एक गोष्ट समजून घ्यावी लागते. साध्या टायरची क्षमता साधारण ३६ पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) दाबाला मोजलेली असते, तर एक्सएलची ४२ पीएसआयला. म्हणजे एक्सएल टायर घेऊन त्यात जुनाच दाब ठेवला तर तो जुन्या टायरइतकेच वजन पेलतो. वाढीव क्षमता ही वाढीव हवेबरोबरच येते. व्ही हे अक्षर ताशी २४० किलोमीटरपर्यंतच्या वेगाची क्षमता सांगते. आपण त्या वेगाच्या जवळपासही जाणार नाही, तरीही हे अक्षर खाली आणू नये, कारण अधिक वेगाच्या श्रेणीचा टायर उष्णता सहन करण्याच्या दृष्टीने अधिक कसून बनवलेला असतो, आणि आपल्या भागात नेमके तेच हवे आहे.

उष्णतेबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपली खरी चिंता तीच आहे. टायर प्रामुख्याने उन्हामुळे फुटतो असा एक समज आहे. ऊन हातभार लावते हे खरे, पण मूळ कारण बहुतेक वेळा कमी हवा हे असते. चाक फिरताना टायरचा जो भाग रस्त्याला टेकतो तो दबतो आणि पुढच्या क्षणी पूर्ववत होतो. तार एकाच जागी वारंवार वाकवली की ती हाताला गरम लागते. टायरच्या साइडवॉलमध्येही असेच घडते, आणि तेही दर किलोमीटरला सुमारे ४३० वेळा. हवा कमी असेल तर दबणे वाढते. वजन जास्त असेल तर आणखी वाढते. वेग जास्त असेल तर तयार झालेली उष्णता बाहेर पडायला वेळ मिळत नाही. समृद्धीवर सिग्नल नाही, गाव नाही, थांबण्याचे निमित्त नाही, त्यामुळे चाक तासन् तास एकाच वेगाने फिरत राहते. साध्या राज्य महामार्गावर गावोगावच्या गतिरोधकांमुळे का होईना, टायरला श्वास घ्यायला उसंत मिळते. इथे ती मिळत नाही. शेवटी रबर आणि त्याखालचे पोलादी पट्टे यांची पकड सुटते आणि टायर उलगडतो.

म्हणून दाराच्या खांबावर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आत जो तक्ता चिकटवलेला असतो त्यात दोन रकाने का दिलेले असतात ते पाहावे. एक रकाना अर्ध्या भाराचा आणि दुसरा पूर्ण भाराचा असतो. पाच माणसे आणि भरलेली डिकी असेल तर दुसऱ्या रकान्यातील दाब भरला पाहिजे, आणि आपल्याकडे बहुसंख्य लोक वर्षभर पहिल्याच रकान्यावर गाडी चालवतात. हवा सकाळी, गाडी उभी असताना, टायर थंड असताना तपासावी. तापमान दहा अंशांनी वाढले की दाब सुमारे दीड पीएसआयने वाढतो. प्रवासात तो याहूनही अधिक वाढलेला दिसेल. ही वाढ गृहीत धरूनच तक्त्यातील आकडा ठरवलेला असतो. त्यामुळे दुपारी पेट्रोलपंपावर दाब जास्त दिसला म्हणून हवा काढू नये. उन्हाळ्यात कमी हवा ठेवावी हा सल्ला आपल्याकडे वडीलधाऱ्या चालकांकडूनही ऐकायला मिळतो, तो आदरपूर्वक बाजूला ठेवावा.

दोन की चार, याचे उत्तर चार असेच आहे. नव्या टायरची नक्षी साधारण आठ मिलिमीटर असते आणि आपल्या मागच्यांची तीन उरली आहे. व्यासात दहा मिलिमीटरचा फरक म्हणजे केवळ हिशेबाने पाहिले तरी मागची चाके दर किलोमीटरला पुढच्यांपेक्षा सहा फेऱ्या अधिक घेतील. क्वाट्रोसारख्या रचनेत हा फरक चाकांना ताकद वाटून देणाऱ्या क्लच आणि डिफरन्शियलला सतत सोसावा लागतो. नक्षीतील किती फरक चालतो हे गाडीच्या पुस्तिकेत पाहावे, पण पाच मिलिमीटर हा कोणत्याही दृष्टीने मोठा फरक आहे. दुसरे असे की आपले मागचे टायर तसेही संपत आले आहेत. १.६ मिलिमीटरला टीडब्ल्यूआयची (नक्षी झिजल्याचे दाखवणारी) खूण येते आणि ती कायद्याच्या दृष्टीने शेवटची मर्यादा असते, पण पावसात पाणी बाहेर टाकण्याची क्षमता त्याच्या बरीच आधी उतरलेली असते. मृगाच्या पहिल्या सरींत रस्त्यावरील तेल, धूळ आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेली काळी माती यांचा जो थर तयार होतो, त्यावर तीन मिलिमीटरच्या नक्षीवर मी तरी विसंबणार नाही.


वाळूज परिसर, छत्रपती संभाजीनगर

बालाघाट यांनी लिहिलेले बहुतेक सर्व मुद्दे योग्य आहेत. मी रबर उद्योगात काम करतो, त्यामुळे टायरचे वय, मिश्रण आणि एओ खूण यांविषयी भर घालतो.

साइडवॉलवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते आणि तिच्या शेवटी चार अंक असतात. पहिले दोन आठवडा सांगतात आणि शेवटचे दोन वर्ष. ३५२१ म्हणजे २०२१ सालचा पस्तिसावा आठवडा. हे अंक बहुधा एकाच बाजूला पूर्ण असतात. ती बाजू आत गेली असेल तर वाकून पाहावे लागते. आपले माप मराठवाड्यात फार खपणारे नाही. मोठ्या शहरांबाहेरच्या दुकानांत १९ इंची टायर एखाद-दुसराच असतो आणि तो किती दिवसांपासून तिथे आहे हे केवळ त्या चार अंकांवरून कळते. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरांची आयात खुल्या यादीतून काढून परवान्याखाली आणली, आणि आलिशान गाड्यांची अनेक मापे आयातीवर अवलंबून असल्यामुळे त्यांचा पुरवठा अजूनही सुरळीत असेलच असे नाही. सर्व्हिस सेंटरने तारीख सांगता येत नाही असे म्हटले, त्यामागे हेही एक कारण असू शकते.

माझा सल्ला असा की चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे आणि शक्यतो जवळजवळच्या आठवड्यांतले घ्यावेत, आणि बनवल्याच्या तारखेला वर्षभराहून अधिक काळ लोटलेला असेल तर दुकानदाराला दुसरा माल मागवायला सांगावे. सावलीत, थंड जागी, नीट ठेवलेला टायर वर्षभरात खराब होत नाही. परंतु पत्र्याच्या शेडमध्ये, थेट उन्हाच्या तिरिपेत किंवा वेल्डिंगच्या मशीनशेजारी ठेवलेल्या मालाबद्दल मला तशी खात्री देता येणार नाही. ओझोन आणि उष्णता हे रबराचे मोठे शत्रू आहेत. रबराला तडे जाऊ नयेत म्हणून मिश्रणात घातलेली रसायने हळूहळू पृष्ठभागावर येत असतात, आणि टायर फिरत असेल तरच हे काम नीट चालते. नुसता उभा राहिलेला टायर त्यामुळेच लवकर तडकतो. कंपन्या साधारणपणे पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करून घ्या आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही उरली असली तरी बदला, असे सांगतात. आपल्याकडील उन्हाळा पाहता मी सहाव्या वर्षाच्या पुढे कुणालाही थांबू देत नाही.

मिश्रणाविषयी एवढेच सांगतो की कार्बन ब्लॅकबरोबर सिलिका वापरलेली नक्षी ओल्या रस्त्यावर चांगली पकड धरते आणि फिरताना कमी ऊर्जा खाते, म्हणजेच कमी तापते. आपल्या श्रेणीतील चांगले टायर आज सिलिकाचेच असतात. काही टायरांच्या साइडवॉलवर ट्रेडवेअर (झीज), ट्रॅक्शन (पकड) आणि टेम्परेचर (उष्णता) असे तीन दर्जे कोरलेले दिसतात. त्यांतील टेम्परेचरचा दर्जा ए असावा, हा आग्रह धरावा. ट्रेडवेअरचा आकडा मात्र दोन वेगवेगळ्या कंपन्यांमध्ये तोलून पाहण्यात फारसा अर्थ नाही, कारण चाचणी करून तो आकडा ठरवण्याचे काम प्रत्येक कंपनी स्वतःच करते.

एओ ही खूण म्हणजे त्या टायरची ऑडीसोबत चाचणी होऊन तो त्यांच्या गाड्यांसाठी मान्य झालेला आहे. बीएमडब्ल्यूसाठी चांदणी आणि मर्सिडीझसाठी एमओ अशा खुणा असतात. त्याच नावाच्या बिनखुणेच्या टायरपेक्षा अशा टायरचे मिश्रण किंवा आतील रचना थोडी वेगळी असू शकते. मिळाला तर जरूर घ्यावा. पण दीड वर्ष जुना एओ टायर आणि दोन महिन्यांपूर्वीचा, त्याच मापाचा, त्याच भारक्षमतेचा बिनखुणेचा चांगला टायर यांतून निवड करायची झाली, तर मी निःसंकोच नवा घेईन. फक्त दोन टायर खुणेचे आणि दोन बिनखुणेचे असे करू नये.

नावेच हवी असतील तर ब्रिजस्टोनचा अलेंझा ००१, पिरेलीचा स्कॉर्पियन व्हर्डे आणि मिशेलिनचा लॅटिट्यूड स्पोर्ट ३ हे या मापात बनणारे परिचित टायर आहेत. तिन्ही डांबरी आणि काँक्रीटच्या रस्त्यासाठीचे आहेत. त्यांतील कोणता आपल्या भागात ताज्या तारखेचा मिळतो, यावर निवड सोडायला माझी हरकत नाही. खरेदीच्या वेळी आयएसआय चिन्ह पाहावे. कार टायरांसाठी ते आपल्या देशात बंधनकारक आहे.


गोदाकाठ, नांदेड

मांजराकाठ दादा, शेतरस्त्याबाबत कुणी लिहिले नाही म्हणून लिहिते. आमचेही रान मुदखेडच्या बाजूला आहे आणि १८ इंची चाकांची अशीच एक आलिशान क्रॉसओव्हर मी स्वतः चालवते.

ऑल टेरेन टायर आपल्या काळ्या मातीसाठी घेऊ नयेत. मुरूम, खडी, वाळू यांवर त्या खोल नक्षीचा उपयोग होतो हे मान्य आहे, पण पाऊस पडल्यावर काळ्या रानातला चिखल कोणत्याही नक्षीत गच्च भरतो आणि दोन फेऱ्यांत टायर गुळगुळीत झाल्यासारखा होतो. ज्या दिवशी बैलगाडी पाणंदीत उतरवत नाहीत त्या दिवशी क्यू ५ ही उतरवू नये, डांबरी रस्त्यावर उभी करून पायी जावे, हेच बरे. उरलेले आठ-नऊ महिने ती वाट कोरडी असते आणि साधा टायर तिथे सहज जातो. त्या थोड्या अंतरासाठी संपूर्ण समृद्धीभर जड, अधिक आवाज करणारा आणि ओल्या डांबरावर उशिरा थांबणारा टायर वागवणे मला पटत नाही. शेताच्या वाटेवर खरा त्रास वेड्या बाभळीच्या काट्यांचा असतो. काटा टोचून आतच मोडतो, हवा अगदी हळूहळू उतरते आणि चार दिवसांनी महामार्गावर गेल्यावर ते लक्षात येते. म्हणून शेतावरून आल्यानंतर लांबच्या प्रवासाला निघण्याआधी हवा तपासण्याचा नेम ठेवावा.

एक वेगळा पर्याय मात्र विचारार्थ मांडते. १९ ऐवजी १८ इंची रिम घेऊन २३५/६० आर १८ हे माप घेतले, तर एकूण व्यास ७३९ मिलिमीटर येतो, म्हणजे मूळच्या मापापेक्षा केवळ दोन मिलिमीटर कमी. साइडवॉल मात्र १२९ वरून १४१ मिलिमीटर होते. खड्ड्यात चाक आदळल्यावर रिम आणि रस्ता यांच्यामध्ये तेवढे अधिक रबर आणि हवा राहते, फुगे येण्याचे प्रमाण कमी होते, आणि हे माप बाजारात तुलनेने अधिक सहज मिळते. रिमचा खर्च वेगळा येतो, हे खरे आहे. रिम ब्रेकच्या कॅलिपरला घासत नाही, मधले भोक आणि ऑफसेट (रिम किती आत किंवा बाहेर बसते ते माप) जुळतात आणि कंपनीच्या मान्य मापांच्या यादीत हे माप आपल्या मॉडेलसाठी आहे, एवढ्या गोष्टी लेखी तपासल्याशिवाय हा बदल करू नये.

आवाजाबद्दलही एक गोष्ट सांगते. काँक्रीटच्या रस्त्यावर पकडीसाठी आडव्या रेषा ओढलेल्या असतात, त्यामुळे तिथे प्रत्येक टायर डांबरापेक्षा अधिक आवाज करतो. तो पाहून नवा टायर वाईट आहे असा निष्कर्ष काढू नये. आतून फोम लावलेले शांत टायरही मिळतात, परंतु त्यांचे पंक्चर काढताना फोम कापून पुन्हा बसवावा लागतो आणि ते काम नीट करणारे दुकान आपल्या भागात जवळ सापडेलच असे नाही. काट्यांच्या वाटेने जाणाऱ्या गाडीला मी ते सुचवणार नाही.


मांजराकाठ, लातूर

आपणा तिघांचेही मनःपूर्वक आभार. फुगा आलेला टायर काढला आहे आणि सध्या डिकीतील बारीक स्टेपनीवर गाडी फक्त घराजवळ, कमी वेगाने हलवतो आहे. चारही टायर बदलायचे, २५५ चा नाद सोडायचा आणि ऑल टेरेन घ्यायचे नाहीत, एवढे ठरले आहे. ताईंनी सुचवलेल्या १८ इंची मापाचा विचार मनात घर करून आहे. दाराच्या खांबावरील तक्त्यात तेही माप दिलेले आहे. परंतु मूळ रिम उत्तम स्थितीत असताना नव्या चार रिमांवर खर्च करावा की नाही, यावर घरात एकमत झालेले नाही.

दोन शंका उरल्या आहेत. नायट्रोजन भरावा का? आणि पुढचा उजवा टायर अजून बरा आहे, तो स्टेपनी म्हणून ठेवला तर चालेल का?


बालाघाट, बीड

माप तक्त्यात दिलेले आहे म्हणजे ताईंनी सांगितलेली सर्वांत महत्त्वाची अट पूर्ण झाली. तरीही खर्चाविषयी माझे मत विचाराल तर या खेपेला १९ इंचच ठेवावे. आपला एक टायर चार वर्षांत एकदा फुगला आहे, तो वारंवार फुगलेला नाही. पुढच्या दोन वर्षांत पुन्हा असे घडले तर १८ चा विचार अवश्य करावा. ज्यांचा रोजचा प्रवास अंतर्गत रस्त्यांनी होतो त्यांना मात्र मी आजच १८ घ्यायला सांगेन.

नायट्रोजन भरल्याने नुकसान काही नाही. साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो; फायदा मुख्यतः तो कोरडा असतो यात आहे, कारण आत ओल कमी राहिली की दाबाचा चढउतार थोडा कमी होतो. पण नायट्रोजन भरला आहे म्हणून महिनोन् महिने दाब न तपासणे ही अधिक धोक्याची सवय आहे. प्रवासात कमी दाब दिसला आणि नायट्रोजन मिळाला नाही तर साधी हवा खुशाल भरावी.

टायर बसवताना समोर उभे राहावे. असममित (आतल्या आणि बाहेरच्या बाजूला वेगळ्या) नक्षीच्या टायरवर बाहेरची बाजू कोणती ते कोरलेले असते, ती तपासावी. व्हॉल्व्ह नवे घ्यावेत. बॅलन्सिंगनंतर चारही चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे, केवळ पुढच्या दोनांचे नव्हे. या गाड्यांच्या मागच्या चाकांचाही कोन बदलतो आणि तो बिघडला असेल तर टायर आतल्या कडेने खाल्ला जातो, जे बाहेरून उभे राहून दिसत नाही. बोल्ट इम्पॅक्ट गनने शेवटपर्यंत न आवळता टॉर्क पान्याने पुस्तिकेतील आकड्याला आवळून घ्यावेत. ज्या गाड्या चाकाच्या वेगावरून हवेचा अंदाज घेतात त्यांच्या यंत्रणेत टायर बदलल्यावर नवा दाब साठवावा लागतो, अन्यथा इशारा चुकीचा येतो किंवा वेळेवर येत नाही. पहिले ५०० किलोमीटर थोडे जपून चालवावेत, कारण नव्या रबराच्या पृष्ठभागावरचा गुळगुळीत थर झिजल्यावरच पूर्ण पकड मिळते. त्यानंतर दर आठ ते दहा हजार किलोमीटरला पुढचे-मागचे टायर आलटून पालटून लावले तर चारही बरोबरीने झिजतील आणि पुढच्या वेळी दोन की चार हा प्रश्न पडणार नाही.


वाळूज परिसर, छत्रपती संभाजीनगर

स्टेपनीविषयी लिहितो. डिकीतील खोबण बारीक स्टेपनीच्या मापाची असल्यामुळे पूर्ण रुंदीचा टायर तिच्यात बसणार नाही. तो डिकीच्या तळावर ठेवावा लागेल, नीट बांधावा लागेल आणि नागपूरच्या प्रवासात सामानाची निम्मी जागा खाईल. शिवाय चार वर्षे वापरलेला आणि नव्यांपेक्षा कमी व्यासाचा टायर क्वाट्रोवर लांब अंतरासाठी चालवणे योग्य नाहीच. त्यापेक्षा तो टायर दुकानात एक्स्चेंजमध्ये द्यावा. फुगा आलेला मात्र पुन्हा कुणाच्या गाडीला लागू नये म्हणून आपल्यासमोर साइडवॉल कापून घ्यावी; असे टायर बाहेरून घासून विकले जातात आणि ते घेणाऱ्याला त्याची काहीच कल्पना नसते.

बिल घेताना ते छापील घ्यावे आणि त्यावर चारही टायरांचे अनुक्रमांक लिहून घ्यावेत. वॉरंटीच्या दाव्यासाठी ते लागतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा दुकानदाराने सांगितलेला भाव जुन्या दराने लावलेला नाही ना, हे बिलावर पाहावे.

आणि सध्या ज्या बारीक स्टेपनीवर गाडी हलवत आहात तिचाही दाब त्याच फेरीत तपासून घ्यावा. अशा बहुतेक स्टेपन्यांवर ४.२ बार म्हणजे सुमारे ६० पीएसआय दाब लिहिलेला असतो, जो इतर चाकांच्या जवळपास दुप्पट आहे, आणि वर्षानुवर्षे डिकीत पडून राहिल्यामुळे तो बहुतेक वेळा बराच उतरलेला असतो. आपल्या स्टेपनीवर जो आकडा कोरलेला असेल तेवढी हवा भरून घ्यावी, आणि तिच्यावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा लिहिलेली असेल तर ती पाळावी.